चारी बांधण्याआधी उतार मोजा

लाभक्षेत्रातल्या गावात चारी दुरुस्तीचा विषय निघाला की बैठकीत पहिला प्रश्न ठरलेला असतो: काँक्रीट किती इंची घालायचे? दुसरा, ठेका कुणाला द्यायचा? चारीतून नेमके किती पाणी वाहायला हवे, तिला उतार किती मिळतो आणि ती गळते ती कुठल्या टप्प्यात, याची चौकशी क्वचितच होते. जुनी चारी आहे तिथेच, आहे तेवढीच, फक्त सिमेंटची करायची, असे सगळे धरून चालतात. पैसा वाचतो किंवा वाया जातो तो इथेच. या लेखात एका मोघ्याखालच्या चारीचा हिशोब मांडला आहे. आकडे आपल्या शिवारातले घाला, रीत तीच राहील.

सुरुवात पाण्यापासून करू. मोघ्याखालच्या चारीसाठी आपल्याकडे साधारणपणे सेकंदाला ३० लिटर पाणी धरतात. जुन्या भाषेत एक क्युसेक, म्हणजे २८.३ लिटर. हा आकडा उगाच आलेला नाही. दारे धरणाऱ्या एका माणसाला एवढेच पाणी आवरते. त्याहून जास्त सोडले तर सरी फुटते, बांध फुटतो. एक हेक्टरला साडेसात सेंमीची पाळी द्यायची तर ७५० घनमीटर पाणी लागते आणि ३० लिटरच्या धारेने ते द्यायला सुमारे सात तास लागतात. चारीखाली वीस हेक्टर असतील तर १४० तास, म्हणजे जवळजवळ सहा दिवस. आवर्तनात तुमच्या मोघ्याला तेवढे दिवस मिळतात का, हे आधी तपासा. मिळत नसतील तर अडचण चारीची नाही, पाणीवाटपाची आहे, आणि ती काँक्रीटने सुटणार नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. दुप्पट पाणी न्यायला दुप्पट मोठी चारी लागत नाही. आकार तोच ठेवला तर भिजणारा परीघ, म्हणजे तळ आणि दोन्ही बाजू मिळून पाणी टेकते तेवढी लांबी, फक्त ३० टक्क्यांनी वाढते. म्हणून शेजारच्या दोन गटांनी बांधाच्या अलीकडे-पलीकडे दोन चाऱ्या काढणे हा खर्चाचा सगळ्यात वाईट प्रकार. भांडण मिटवून एकच चारी काढली आणि शेवटी कुंडीतून पाणी वाटून घेतले तर बांधकामही वाचते, जमीनही.

उताराचा हिशोब टेलकडून

चारीची आखणी मोघ्यापासून शेताकडे करायची सवय आहे. ती उलटी करा. चारीवरच्या शेवटच्या शेताचा सर्वांत उंच कोपरा शोधा. पाणी त्या कोपऱ्यावर चढायचे असेल तर चारीतली पाण्याची पातळी तिथे जमिनीपेक्षा १५ सेंमी तरी वर हवी. आता मागे या. चारी ५०० मीटर लांब आणि उतार हजारास एक धरला तर ५० सेंमी त्यात गेले. मध्ये गाडीवाटेखाली ३०० मिमीचा ह्यूम पाईप आहे, तिथे दोन-तीन सेंमी. मोजमापाचे यंत्र बसवायचे तर आणखी आठ-दहा. बेरीज पाऊण मीटरच्या थोडी पुढे जाते. मोघ्याबाहेरच्या कुंडीत पाण्याची पातळी त्या कोपऱ्यापेक्षा एवढी वर आहे का? असेल तर चारी होईल. उतार पाचशेस एक दिला असता तर हीच बेरीज सव्वा मीटरपुढे गेली असती.

हे मोजायला डंपी लेव्हल मिळाली तर उत्तम. तालुक्याला भाड्याने मिळते. नाहीतर गवंड्याचा पारदर्शक लेव्हल पाईप पुरतो. दहा-दहा मीटरवर खुंट्या ठोका, पाईपमध्ये पाणी भरा, त्यात हवेचा एकही बुडबुडा राहू देऊ नका, आणि प्रत्येक खुंटीची उंची वहीत लिहा. या कामाला दोन माणसे आणि एक दिवस लागतो. चारीच्या सगळ्या खर्चात यापेक्षा स्वस्त दुसरे काही नाही, आणि टाळले जाते तेही हेच.

उतार जास्त मिळत असेल तर घ्यावा का? पक्क्या चारीत घ्यावा, कारण उतार निम्मा झाला की तेवढेच पाणी वाहून नेणारी चारी सुमारे १४ टक्के मोठी लागते. मातीच्या चारीत हात आखडता घ्यावा. मऊ पोयट्याच्या मातीत सेकंदाला अर्ध्या मीटरच्या पुढे, चिकट काळ्या मातीत पाऊण मीटरच्या आणि घट्ट मुरमात साधारण एका मीटरच्या पुढे वेग गेला की तळ खचायला लागतो. उलट वेग ०.३ मीटरच्या फार खाली गेला तर गाळ बसतो आणि गवत धरते. विटांच्या अस्तराला १.८ मीटरपर्यंत, काँक्रीटला २.७ मीटरपर्यंत वेग सोसतो.

डोंगरउताराच्या शिवारात नेमका उलटा पेच असतो. समजा, १०० मीटरात जमीन दोन मीटर उतरते. त्याच उताराने मातीची चारी काढली तर ३० लिटर पाण्याचा वेग सेकंदाला ०.९ मीटरच्या घरात जातो आणि दोन पावसाळ्यांत चारीचा ओहोळ होतो. तिथे चारीला पाचशेस एक उतार द्या. त्यात २० सेंमी जातील. उरलेले १८० सेंमी ३०-३० सेंमीच्या सहा पायऱ्यांत उतरवा. प्रत्येक पायरीखाली दगडी फरसबंदी करा, एवढे बांधकाम पुरते. सगळी चारी काँक्रीटची करून पाणी सुसाट सोडण्यापेक्षा हे बहुधा स्वस्त पडते. शिवाय सुसाट पाणी वळणावर उडी मारते आणि काँक्रीटवरून बाहेर पडते, ते वेगळेच.

आकाराचे गणित

वेग काढायचे सूत्र रॉबर्ट मॅनिंग या आयरिश अभियंत्याने १८८९ साली मांडले. या गृहस्थांनी जलशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते, पण जगभरच्या कालव्यांचे हिशोब आजही त्यांच्याच सूत्राने होतात. पाण्याच्या क्षेत्रफळाला भिजणाऱ्या परिघाने भागले की जलीय त्रिज्या मिळते. तिचा दोन-तृतीयांश घात काढायचा, त्याला उताराच्या वर्गमुळाने गुणायचे आणि खडबडीतपणाच्या गुणांकाने भागायचे. उत्तर येते ते सेकंदाला मीटरमध्ये वेगाचे. हा गुणांक चांगल्या काँक्रीटला ०.०१५, साफ ठेवलेल्या मातीच्या चारीला ०.०२५ ते ०.०३, आणि गवत माजलेल्या चारीला ०.०५ किंवा त्याहून जास्त. व्हेन टी चाऊ यांच्या १९५९ च्या पुस्तकात तर कालव्यांची छायाचित्रे छापून प्रत्येकाखाली त्याचा गुणांक दिला आहे, इतका तो डोळ्यांनी ओळखायचा आकडा आहे.

आता आपली चारी. काँक्रीटची, आयताकृती, तळ ३० सेंमी रुंद, पाणी १८ सेंमी खोल, आणि उंची पुरते असे धरून उतार पाचशेस एक. क्षेत्रफळ ०.०५४ चौरस मीटर, परीघ ०.६६ मीटर, त्रिज्या ०.०८२. घात ०.१८८ येतो. त्याला ०.०४४७ ने गुणून ०.०१५ ने भागले की वेग ०.५६ मीटर, आणि वेगाला क्षेत्रफळाने गुणले की ०.०३० घनमीटर, म्हणजे ३० लिटर. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर पाच मिनिटांचे काम.

पुस्तकात लिहिलेले असते की आयताकृती कालव्याची रुंदी खोलीच्या दुप्पट असावी, म्हणजे परीघ कमीत कमी लागतो. खरे आहे. त्या नियमाने आपल्या चारीची रुंदी पावणेतेहतीस सेंमी आणि पाणी सव्वासोळा सेंमीच्या आसपास येते. पण त्या नियमाच्या किती मागे लागायचे, हे आकडेच सांगतात. नेमक्या त्या मापाला परीघ ६५ सेंमी, ३० सेंमी रुंदीला ६६, आणि ४५ सेंमी रुंदी घेऊन पाणी १२ सेंमी वाहू दिले तर ६९. वर दहा सेंमी मोकळी उंची धरली तर ३० आणि ४५ सेंमी रुंदीच्या चाऱ्यांत बांधकामाचा फरक चार टक्क्यांचा पडतो. साठ सेंमीपर्यंत रुंद केली तेव्हा कुठे तो पंधरा टक्क्यांवर जातो. थोडक्यात, गवंड्याच्या फळीला, फावड्याच्या रुंदीला सोयीची पडेल ती रुंदी घ्या. फावडे आत मावत नाही अशी चारी गाळाने भरली की कुणी साफ करत नाही.

रुंद आणि उथळ चारीच्या बाजूने आणखी एक मुद्दा आहे, आणि तो पुस्तकातल्या नियमाच्या विरुद्ध जातो. पाणी शेतापेक्षा वर ठेवायचे असते. खोल चारीचा तळ जमिनीत रुततो आणि खोदाई वाढते. सपाट रानात मी तरी खोलीपेक्षा रुंदीकडे झुकेन.

काँक्रीट वाचते ते जाडीत

आकाराने चार टक्के वाचवण्यासाठी जेवढी चर्चा होते, त्याच्या निम्मीही जाडीवर होत नाही. तीच ३० सेंमी रुंद, २८ सेंमी उंच चारी घ्या. तळ आणि भिंती दहा सेंमी जाड केल्या तर एका मीटर लांबीला ०.१०६ घनमीटर काँक्रीट लागते. जाडी साडेसात सेंमी केली तर ०.०७६. अडीच सेंमी जाडीत २८ टक्के माल वाचला.

यापुढची पायरी म्हणजे उभ्या भिंती सोडून देणे. बाजू एकास एक तिरप्या केल्या, तळ १५ सेंमी ठेवला, तर त्याच उताराला पाणी साडेसोळा सेंमी खोल वाहते. तिरपी बाजू मातीवर टेकलेली असते, तिला भिंतीसारखे उभे राहावे लागत नाही. त्यामुळे पाच सेंमी जाडी पुरते. माल लागतो मीटरला ०.०४५ घनमीटर. दहा सेंमीच्या आयताकृती चारीच्या निम्म्याहून कमी. काँक्रीट घट्टसर ठेवले तर फळ्या लावाव्या लागत नाहीत. चारीच्या आकाराचा लोखंडी किंवा लाकडी फर्मा पुढे सरकवत काम करता येते. पुस्तकातली सर्वोत्तम समलंब चारी म्हणजे अर्धा षट्कोन, तिच्या बाजू ६० अंशांत उभ्या असतात. कागदावर ती सरस ठरते, पण त्या चढावर ओले काँक्रीट थांबत नाही. फळ्यांचा खर्च धरला की एकास एकच बरी.

तिरप्या चारीचे दोन तोटे सांगायला हवेत. एक, ती वर ६८ सेंमी रुंद होते. जिथे बांध अरुंद आणि शेजारी तापट, तिथे आयताकृती करणे शहाणपणाचे. दुसरे, पाच सेंमीच्या पातळ काठावर म्हैस उतरली की तुकडा पडलाच. जनावरे पाण्यावर येतात ती जागा गावात सगळ्यांना माहीत असते. तिथे दोन-तीन मीटरचा दगडी किंवा जाड काँक्रीटचा घाट करा आणि बाकी चारी पातळ ठेवा. सगळी चारी म्हशीच्या वजनासाठी बांधू नका.

जाडी कमी केली की खालच्या मातीवर भरवसा ठेवावा लागतो. म्हणून भराव वीतभर थरांत टाकायचा, प्रत्येक थर किंचित ओला करून धुमुसाने ठोकायचा, भराव मापापेक्षा थोडा जास्त करायचा आणि मग फर्म्याच्या आकारात तासायचा. सैल मातीवर घातलेले पंधरा सेंमी काँक्रीटही पहिल्याच आवर्तनात बसते. दर दोन-तीन मीटरवर सांधा सोडून त्यात डांबर भरा. सांधा सोडला नाही तर भेग आपली जागा आपणच शोधते, आणि ती कधीच सरळ नसते. पाणी मारायचे दिवस दहाच्या खाली आणू नका. एप्रिल-मेच्या उन्हात पातळ अस्तर दुपारी बारापर्यंतच कोरडे पडते. ओली पोती टाकून ठेवा.

कुठे अस्तर नको

सगळी चारी पक्की करायची हा हट्ट सोडला तर खर्च खरोखर खाली येतो. काळी चिकण माती ओली झाली की फुगते आणि पाझर आपोआप कमी होतो. याच मातीवर काँक्रीट घातले तर ओल मिळाली की ती खालून ढकलते, सुकली की खाली बसते, आणि अस्तराचे तुकडे होतात. यावर मुंबईच्या आयआयटीतले प्रा. आर. के. कट्टी यांनी उपाय सांगितला: काळी माती आणि अस्तर यांच्यामध्ये न फुगणाऱ्या पण चिकटपणा असलेल्या मातीचा थर द्यायचा. आपल्याकडे त्यासाठी चांगला मुरूम चालतो. मोठ्या कालव्यावर हा थर द्यावाच लागतो. छोट्या चारीवर मुरूम आणून थर द्यायचा आणि वर काँक्रीट करायचे, यापेक्षा काळ्या मातीचा टप्पा नीट ठोकून कच्चाच ठेवणे मला जास्त पटते. पाझर मारतो तो मुरमाड, वाळूसर टप्प्यात, जुन्या ओढ्याच्या पात्रावरच्या भरावात आणि घुशी-खेकड्यांनी पोखरलेल्या काठात. अस्तर तिथे घाला.

टप्पा ओळखायला चाचणी सोपी आहे. ३० मीटर चारी दोन्ही टोकांना मातीने बंद करा, नेहमीच्या पातळीपर्यंत पाणी भरा, दोन तास तसेच ठेवून पुन्हा भरा, म्हणजे कोरड्या मातीची पहिली तहान मोजणीत येत नाही. मग पट्टी रोवून तासाला पातळी किती उतरते ते पाहा. वरची रुंदी ६५ सेंमी आणि उतार दोन सेंमी असेल तर त्या तुकड्यातून तासाला सुमारे ३९० लिटर गेले. याच हिशोबाने एक किलोमीटरला तासाला १३ घनमीटर, म्हणजे सेकंदाला ३.६ लिटर. तीस लिटरमधले बारा टक्के! हेक्टरला सात तासांची पाळी टेलला पोचेपर्यंत आठ तासांची होते ती अशी. दोन-तीन वेगवेगळ्या टप्प्यांत ही चाचणी केली की कुठला तुकडा पाणी पितो ते बोट ठेवून सांगता येते. एखादा टप्पा तासाला अर्धा सेंमीही उतरत नसेल तर तिथे एक पोतेही सिमेंट खर्चू नका.

काठ पोखरण्याबद्दल थोडे. खेकड्याचे बीळ बाहेरून बोटाएवढे दिसते, आत हातभर लांब असते. त्यातून गेलेले पाणी काठाखाली उपळते आणि लोक म्हणतात, जमीन चोपण झाली. बीळ वरून बुजवून उपयोग नाही. काठ तेवढ्यापुरता खणून, काळी माती ठोकून पुन्हा बांधावा लागतो. शेततळ्याच्या प्लास्टिकचा उरलेला तुकडा चारीत अंथरण्याची युक्ती काही ठिकाणी दिसते. उघडा राहिला तर तो उन्हाने आणि खुरांनी लवकर फाटतो. मातीच्या किंवा फरशीच्या थराखाली गाडला तर बराच टिकतो.

जमिनीचा हिशोबही अस्तराच्या निर्णयात धरा. मातीची चारी एकास एक बाजूंची, १५ सेंमी मोकळ्या उंचीची केली तर वर जवळजवळ एक मीटर रुंद होते. दोन्ही काठ आणि त्यांचे बाहेरचे उतार धरले तर पट्टा अडीच-पावणेतीन मीटरचा. किलोमीटरला पाव हेक्टरहून जास्त जमीन अडकते. द्राक्षाच्या किंवा उसाच्या पट्ट्यात तेवढ्या जमिनीची किंमत काँक्रीटच्या बाजूने बोलते. पडीक माळाच्या कडेने चारी जात असेल तर बोलत नाही.

बंद पाईपचे काय, असे हल्ली प्रत्येक बैठकीत विचारले जाते, आणि नव्या प्रकल्पांत सरकारचा कलही बंद नलिकांकडे आहे. पाझर थांबतो, जमीन मोकळी राहते, वरून नांगर चालतो, हे सगळे खरे. पण पाईपला उतार लागतो. सेकंदाला ३० लिटर पाणी २०० मिमी आतल्या व्यासाच्या पीव्हीसी पाईपमधून न्यायचे तर किलोमीटरला चार मीटरहून जास्त उंची घर्षणातच जाते. आपल्या चारीला पाचशेस एक उतार म्हणजे किलोमीटरला दोनच मीटर होते. मग २५० मिमीचा पाईप घ्यावा लागतो, आणि किंमत तिथे चढते. जमिनीला भरपूर उतार असेल तर पाईप, सपाट रान असेल तर चारी, एवढा ढोबळ नियम पहिल्या चर्चेला पुरे.

चारी चालवण्याचा खर्च

मातीची चारी साफ असताना पाचशेस एक उताराला ३० लिटर पाणी १८ सेंमी खोल वाहते. हरळी आणि लव्हाळा माजला की तेच पाणी २४ सेंमीवर चढते. पंधरा सेंमी मोकळ्या उंचीतले सहा सेंमी गवताने खाल्ले. वरच्या बाजूला कुणी दार थोडे जास्त उघडले की काठावरून पाणी जाते, आणि मग चारी लहान आहे, वाढवून द्या, असा अर्ज येतो. तिला फक्त खुरपे हवे असते. चारीत बेशरमीचे झुडूप दिसले तर ते कापू नका, मुळासकट उपटा. कापलेली फांदी पाण्यात पडली तरी पुढे जाऊन रुजते.

चारी एकदा भरायलाही पाणी लागते, हे पाळ्या लावताना विसरले जाते. पाचशे मीटरच्या मातीच्या चारीत सुमारे ४४ घनमीटर पाणी मावते. ३० लिटरने ती भरायलाच पंचवीस मिनिटे जातात, भेगाळलेल्या मातीत त्याहून जास्त. आज हेडचा, उद्या टेलचा, परवा मधला, अशा पाळ्या लावल्या तर हे पाणी दर वेळी नव्याने मोजावे लागते. पाळी टेलकडून हेडकडे, शेजारून शेजारी सरकत आली तर चारी एकदाच भरते. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम, आरम या नद्यांवरच्या फड पद्धतीत एकेका फडात एकच पीक आणि पाणीही फडाफडाने, पाटकऱ्याच्या हातून. त्यामागे हाच हिशोब होता, आणि तो सिमेंटच्या आधीचा आहे.

मोजमापाशिवाय यातले काहीच पटवून देता येत नाही. पत्र्यात नव्वद अंशांची खाच कापून चारीत उभी केली की काम भागते. खाचेच्या टोकापासून पाणी १५ सेंमी वर असेल तर सेकंदाला १२ लिटर, २० सेंमी असेल तर साधारण २५ लिटर. तीस लिटरला पावणेबावीस सेंमी लागतात. सपाट चारीत पाणी एवढे अडवले तर मागे काठ बुडतो. तिथे पार्शल फ्ल्यूम किंवा कटथ्रोट फ्ल्यूम बसवावा, त्याला कमी उंची पुरते. हेही नसेल तर दहा मीटरचा सरळ टप्पा आखा, लिंबू सोडा, सेकंद मोजा, आणि आलेल्या वेगाला ०.८ ने गुणा, कारण वरचे पाणी सरासरीपेक्षा जोरात पळते. लिंबाचा आकडा ढोबळ असतो. हेडला आणि टेलला एकाच दिवशी मोजला तर मधली गळती दाखवायला तेवढा पुरतो.

महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम २००५ मध्ये आला. त्याखालच्या पाणी वापर संस्थांना आपल्या क्षेत्रातल्या चाऱ्यांची देखभाल स्वतः करावी लागते. तेव्हा पुढच्या बैठकीत ठेकेदाराचे अंदाजपत्रक समोर आले तर सही करण्याआधी तीन कागद मागा: खुंट्यांच्या उंचीची वही, टप्प्याटप्प्याच्या पाझर चाचणीचे आकडे आणि हेड-टेलची मोजणी. कागद नसतील तर सही पुढच्या महिन्यावर ढकला. लेव्हल पाईप आणि लिंबू गावातच मिळते. आणि अंदाजपत्रक मंजूर करालच तर त्याच ठरावात रब्बीचे पहिले आवर्तन सुटण्याआधी पंधरा दिवस चारी साफ करण्याची मजुरी लिहून घ्या, दर वर्षीची.